धातुविद्या आणि डॉ. ब्रह्म प्रकाश

बोईसरच्या अंगाला वसलेले बेटेगाव आज निव्वळ शेतीवर जगत नाही. तारापूरची औद्योगिक वसाहत आणि समुद्रकाठचे अणुवीज केंद्र या दोहोंच्या छायेत पालघर जिल्ह्याच्या या पंचक्रोशीचे जीवन चालते. पहिल्या पाळीला निघणारा येथील कामगार कोणी पोलादाची तार ओढणारा असतो, कोणी स्टेनलेसच्या पत्र्याला जोड देणारा, कोणी रसायनाच्या टाकीवर देखरेख करणारा. कामे निरनिराळी असली तरी एका गोष्टीवर या सर्वांचे पोट आणि पुष्कळदा प्राणही अवलंबून असतात. ज्या धातूवर आपण विसंबलो तो ऐन वेळी दगा देणार नाही, ही ती गोष्ट. अणुभट्टीच्या बाबतीत तर हा विश्वास एका पातळ नळीवर उभा असतो. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. त्यांतील प्रत्येकीच्या गाभ्यात इंधनाचे २८४ जुडगे आणि एकेका जुडग्यात ३६ कांड्या अशी रचना होती. प्रत्येक कांडीभोवती झिर्कोनियमच्या मिश्रधातूची नळी असते. ती शाबूत राहिली तर किरणोत्सर्ग आत राहतो. तिला भेग पडली तर तो बाहेर येतो. ही नळी आणि तिच्यातील इंधन या देशात घडविण्याची विद्या ज्यांनी उभी केली, त्यांत डॉ. ब्रह्म प्रकाश यांचे नाव पहिले घ्यावे लागते.

भाभा, साराभाई, धवन आणि कलाम ही नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. ब्रह्म प्रकाश या चौघांच्याही कार्याशी निगडित होते. परंतु प्रयोगशाळांच्या बाहेर त्यांचे नाव फारसे उच्चारले जात नाही. धातुविद्येचा स्वभावच असा की, ती यशस्वी झाली म्हणजे दिसेनाशी होते. न तुटलेल्या पुलाची किंवा न फुटलेल्या नळीची बातमी होत नाही.

ब्रह्म प्रकाश यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१२ रोजी लाहोरला झाला. शिक्षणाने ते मूळचे रसायनज्ञ. शांतिस्वरूप भटनागर यांच्यासारख्या गुरूच्या सहवासात त्यांची संशोधनाची घडण झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारी खात्यात धातूंच्या तपासणीचे काम त्यांच्याकडे आले आणि रसायनाच्या वाटेने निघालेला हा माणूस धातूंकडे वळला. ते काम दिसायला रुक्ष होते. आलेला माल कसोटीला उतरतो की नाही ते पाहायचे आणि न उतरल्यास परत करायचा. पण धातू कोठे व का हार खातो हे माल नाकारणाऱ्याला जितके जवळून दिसते, तितके ते घडविणाऱ्यालाही दिसत नाही. युद्ध संपल्यावर ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेले आणि तेथे धातुविद्येतील उच्च पदवी मिळवून १९४९ च्या सुमारास शिक्षण पुरे केले. मधल्या काळात फाळणी झाली होती. जन्मगाव परक्या देशात गेलेले आणि आपला देश नवा झालेला, अशा अवस्थेत त्यांच्या कर्तृत्वाचा काळ सुरू झाला.

त्या वेळी भारतात धातुविद्येची स्थिती काय होती? जमशेदपूरला पोलाद निघू लागल्यास तीसहून अधिक वर्षे लोटली होती. बनारस हिंदू विद्यापीठात हा विषय १९२० नंतरच्या दशकापासून शिकविला जात होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४५ मध्ये त्याचा स्वतंत्र विभाग निघाला होता. परंतु कारखान्यातला माणूस, महाविद्यालयातला अध्यापक आणि सरकारी तपासनीस यांची एकमेकांशी गाठ पडेल अशी जागा नव्हती. खाणी, भूशास्त्र आणि धातू यांची एक संस्था कलकत्त्यात १९०६ पासून होती; पण तिचा मुख्य भर खाणींवर होता. ही उणीव ओळखून १९४६ मध्ये कलकत्त्यातच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्सची स्थापना झाली. दारा अंतिया यांच्यासारखे तरुण धातुविज्ञ तिच्या उभारणीत होते आणि टाटांच्या पोलाद कारखान्याचे सर जहांगीर गांधी तिचे पहिले अध्यक्ष झाले.

व्यावसायिक संस्था हा शब्द ऐकला की आपल्याकडे वार्षिक अधिवेशन, पाहुण्यांचे हार आणि जाडजूड स्मरणिका डोळ्यांपुढे येतात. अशा संस्थांचा उगम मात्र वेगळ्याच गरजेतून झालेला आहे. पोलादाला पाणी देण्याची कला हे त्याचे उत्तम उदाहरण. पाते किती लाल झाल्यावर भट्टीतून काढायचे, पाण्यात विझवायचे की तेलात, हे गुपित लोहार मुलाला सांगे आणि मूल नसेल तर बरोबर घेऊन जाई. अमेरिकेत मोटारीचा धंदा वाढला तेव्हा ही गुप्तता परवडेनाशी झाली. डेट्रॉइटमध्ये १९१३ साली विल्यम वुडसाइड याने पोलादाला पाणी देणाऱ्या कारागिरांचा एक क्लब काढला. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या कारखान्यांतील माणसे तेथे एकत्र जमत आणि आपापल्या अडचणी मांडत. त्या क्लबातूनच पुढे अमेरिकन सोसायटी फॉर मेटल्स ही मोठी संस्था वाढली. लंडनची आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूट तर १८६९ ची. या सर्व संस्थांचे मर्म एकच. जे ज्ञान एकाच्या मुठीत राहिल्याने सर्वांचे नुकसान होते, ते मोकळे करण्याची ठरलेली जागा आणि ठरलेली रीत त्यांनी निर्माण केली. निबंध वाचायचा, इतरांनी त्यावर शंका घ्यायच्या, शंकांसह तो छापायचा आणि पुढच्या पिढीने त्यावर उभे राहायचे, अशी ती रीत आहे.

ब्रह्म प्रकाश यांचे आयुष्य या रीतीचेच मूर्त रूप ठरले. होमी भाभा यांनी त्यांना अणुऊर्जेच्या कामासाठी निवडले होते; परंतु १९५१ मध्ये ते बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेच्या धातुविज्ञान विभागाचे प्रमुख म्हणून गेले आणि १९५७ पर्यंत तेथे राहिले. अणुऊर्जेच्या दृष्टीने ही सहा वर्षे वाया गेली असे कोणास वाटेल. प्रत्यक्षात याच काळात त्यांनी ट्रॉम्बेच्या भावी कामासाठी पाया घातला. अणुयुगाला लागणारे धातू जमशेदपूरच्या भट्टीत निघण्यासारखे नव्हते. युरेनियम, थोरियम, झिर्कोनियम, बेरिलियम ही नावेच तेव्हा बहुतेक विद्यार्थ्यांना अपरिचित होती. त्यांचे रसायन जाणणारा, त्यांचे भौतिक गुण मोजणारा आणि भट्टीपुढे उभा राहू शकणारा असा तिहेरी तयारीचा माणूस घडविल्याखेरीज यंत्रसामग्री आणून उपयोग नव्हता. विद्यापीठाचा वर्ग आणि राष्ट्रीय प्रकल्प यांमधली भिंत त्यांनी या काळात खाली आणली.

१९५७ मध्ये ते ट्रॉम्बेला परतले आणि धातुविज्ञान विभागाची सूत्रे त्यांच्या हाती आली. त्यानंतर दोनच वर्षांत, ३० जानेवारी १९५९ रोजी, ट्रॉम्बेच्या कारखान्यात अणुभट्टीच्या दर्जाच्या शुद्ध युरेनियमचा पहिला ठोकळा ओतला गेला. सायरस ही संशोधन भट्टी जुलै १९६० मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या इंधनकांड्यांपैकी पुष्कळशा येथेच घडविलेल्या होत्या.

युरेनियमपेक्षाही झिर्कोनियमची कथा बोधप्रद आहे. केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील वाळूत झिर्कॉन हे खनिज विपुल आहे. पण त्यातील झिर्कोनियमसोबत हाफ्नियम नावाचा धातू शेकडा दोनच्या आसपास सहोदरासारखा चिकटलेला असतो. रासायनिक गुण जवळजवळ सारखे असल्यामुळे ते वेगळे करणे अतिशय जिकिरीचे. अणुभट्टीत मात्र दोघांची वागणूक उलट असते. झिर्कोनियम न्यूट्रॉनांना वाट देते, तर हाफ्नियम त्यांना पाचशे पटींहून अधिक प्रमाणात गिळते. थोडे हाफ्नियम मागे राहिले तरी नळी निकामी. हे धातू वेगळे करण्याच्या पद्धती प्रगत देशांनी आरंभी कडेकोट गुप्ततेत ठेवल्या होत्या. ऑगस्ट १९५५ मध्ये भाभांच्या अध्यक्षतेखाली जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तेथे अशा अनेक विषयांवरील पडदा बराचसा उचलला गेला. तरीही छापील निबंध म्हणजे कारखाना नव्हे. निबंधातल्या दोन ओळींमधले जे लिहिलेले नसते, ते हातांनी शोधावे लागते. ब्रह्म प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रॉम्बेला लहान प्रमाणावर ही सारी प्रक्रिया उभी केली आणि तिच्यावरूनच हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्सची कल्पना साकार झाली. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या या संकुलाच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा होता.

येथे तारापूरचा संबंध येतो. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन कंपनीने बांधल्या आणि त्यांना लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेने तीस वर्षे पुरवावे असा करार १९६३ मध्ये झाला होता. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर हा पुरवठा वादात सापडला. १९७८ च्या अमेरिकन कायद्याने तो आणखी अडचणीत आणला आणि अखेर तडजोड म्हणून फ्रान्सकडे जावे लागले. पुढे १९९० नंतरच्या दशकात चीनकडून व त्यानंतर रशियाकडूनही युरेनियम आले. तारापूरलाच प्लुटोनियम मिसळलेले इंधनही तयार करण्यात आले. या सर्व उलथापालथीत एक गोष्ट स्थिर राहिली. आलेल्या युरेनियमपासून नळीबंद कांड्या करण्याचे काम हैदराबादला भारतीय हातांनी होत होते. युरेनियम देणारे देश बदलले तरी कांडी घडविणारे कसब बदलले नाही. कांडीही परदेशातून आणावी लागली असती, तर तारापूरच्या विजेचे काय झाले असते याची कल्पना करता येते.

मात्र तारापूरने धातुविद्येची मर्यादाही दाखविली. या भट्ट्या आरंभी प्रत्येकी २१० मेगावॉटच्या होत्या. त्यांच्या रचनेत दुय्यम बाष्पजनित्रांची जोड होती. त्यांतील नळ्यांना गळती लागू लागली. अखेर ती बाष्पजनित्रे बाजूस काढावी लागली आणि १९८० नंतरच्या दशकात क्षमता १६० मेगावॉटवर आणावी लागली. याच जातीच्या अणुभट्ट्यांत जगभर आणखी एक दुखणे दिसून आले. स्टेनलेसच्या जाड नळ्यांना जोड दिला की जोडाशेजारील भाग विशिष्ट तापमानातून जातो. तेथे पोलादातील कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमांवर साचतो आणि सीमेलगतचा पट्टा क्रोमियमला पारखा होतो. गंजाशी लढण्याचे बळ क्रोमियमचे असते. तेच हरपल्यावर गरम, प्राणवायूयुक्त पाणी आणि धातूतला ताण यांमुळे त्या सीमेतून बारीक भेग आत शिरते. वरून नळी लखलखीत दिसत असते.

या भेगेचे निदान एका देशाने किंवा एका प्रयोगशाळेने केले नाही. एका भट्टीत आढळलेली भेग दुसऱ्या देशातील अभियंत्याला परिषदेत आणि नियतकालिकात कळली. त्याने आपल्या नळ्या तपासल्या. तिसऱ्याने कमी कार्बनचे पोलाद वापरून पाहिले. चौथ्याने पाण्यातील प्राणवायू कमी करण्याचा मार्ग सुचविला. व्यावसायिक संस्थांचे खरे कार्य हेच. यशाची वार्ता पसरविण्यास जाहिरातदार पुरेसे असतात. अपयशाची हकीकत मानहानीची भीती न बाळगता सांगता यावी आणि ऐकणाऱ्याने ती हसण्यावारी न नेता वहीत उतरवावी, यासाठी मात्र समव्यवसायी लोकांची सभा लागते. अणुऊर्जेसारख्या क्षेत्रात कायद्यानेच गुप्ततेचे कुंपण असते आणि काही प्रमाणात ते अपरिहार्यही आहे. म्हणूनच, धातूंविषयी जे सांगता येण्याजोगे आहे ते तरी सांगण्याची सवय जिवंत ठेवणे अधिक अगत्याचे ठरते.

ब्रह्म प्रकाश यांच्या आयुष्याचा पुढचा टप्पा याचीच साक्ष देतो. डिसेंबर १९७१ मध्ये विक्रम साराभाई यांचे अकस्मात निधन झाले. अवकाश कार्यक्रमाची धुरा सतीश धवन यांच्याकडे आली. धवन आणि ब्रह्म प्रकाश यांनी बंगळूरच्या एकाच संस्थेत काम केलेले होते. थुंबा परिसरातील विखुरलेल्या शाखा एकत्र करून १९७२ मध्ये विक्रम साराभाई अवकाश केंद्र स्थापन झाले आणि त्याचे पहिले संचालक म्हणून साठीला आलेल्या धातुविज्ञाची नेमणूक झाली. अग्निबाण ही त्यांची विद्या नव्हती. परंतु अग्निबाणाचे अर्धे प्रश्न हे द्रव्याचे प्रश्न असतात. कवचाचे पोलाद, नाकाडावरील उष्णतारोधक लेप, काचतंतूंची वेष्टने, जोडांची तपासणी हे सारे त्यांच्या ओळखीचे होते. त्याहून मोठे काम माणसे जोडण्याचे होते. निरनिराळ्या गटांत वाढलेले तरुण अभियंते आपापल्या विषयाच्या चौकटीतून बाहेर यावेत, एकाची चूक दुसऱ्याला वेळेवर कळावी, यासाठी लागणारा संयम आणि वडीलकी त्यांच्यापाशी होती. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्याकडे एसएलव्ही-३ ची जबाबदारी होती, तेव्हा केंद्राचे प्रमुख ब्रह्म प्रकाश होते, आणि कलाम यांनी त्यांचे ऋण पुढे कृतज्ञतेने मान्य केले. १० ऑगस्ट १९७९ चे पहिले उड्डाण फसले. त्या अपयशाची चिकित्सा झाली आणि १८ जुलै १९८० च्या उड्डाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला.

१९६१ मध्ये पद्मश्री, १९६३ चे भटनागर पारितोषिक, १९६८ मध्ये पद्मभूषण असे सन्मान त्यांना मिळाले. ३ जानेवारी १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांच्या नावे पदक ठेवले. त्याहून समर्पक स्मारक कल्पाक्कमला आहे. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्सची तेथील शाखा अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या नावाने द्रव्यविज्ञानाची प्रश्नमंजूषा भरविते. विद्वानांची संस्था शाळेपर्यंत उतरते, ही गोष्ट त्यांच्या स्वभावास साजेशीच आहे.

परंतु शाळेपर्यंत उतरणे पुरेसे नाही. आपल्याकडील व्यावसायिक संस्थांची मोठी उणीव अशी की, त्यांचा मार्ग पदवीधरापासून सुरू होतो. भेग मात्र सर्वांत आधी दिसते ती जोडकाम करणाऱ्याला, आम्लाच्या हौदावर उभ्या असलेल्या मदतनिसाला, आयटीआय होऊन आलेल्या फिटरला. डेट्रॉइटच्या क्लबात हेच लोक बसत होते. आपल्याकडेही अशा वाटा अगदीच नव्हत्या असे नाही. १९२० मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या परीक्षा देऊन नोकरी करता करता अभियंता झालेले पदविकाधारक महाराष्ट्राच्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीत आढळतात. रात्री कंदिलापाशी किंवा चाळीच्या जिन्यात बसून त्यांनी तो अभ्यास केला. या परीक्षांची पदवीसमान मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच उरली. त्यामागे गुणवत्तेची काळजी असेल. पण बंद झालेल्या दाराच्या तोडीचे दुसरे दार तेथे उघडले गेले नाही, हे नमूद करावे लागते. १९६६ ची जोडकामाची राष्ट्रीय संस्था आणि धातूला न मोडता तपासणाऱ्यांची संस्था या प्रमाणपत्रांद्वारे कारागिरापर्यंत पोचतात. हे काम अधिक स्वस्त, अधिक व्यापक आणि मातृभाषेतून व्हावयास हवे.

भाषेचा मुद्दा गौण नाही. अणुभट्टीच्या नळीत शिरणारी भेग आणि बोईसरच्या एखाद्या कारखान्यात रसायनाच्या टाकीला पडणारी भेग यांची जात पुष्कळदा एकच असते. कारण तेच, उपायही बहुतेक तेच. पहिलीविषयीचे ज्ञान इंग्रजी नियतकालिकांत गेली अनेक दशके उपलब्ध आहे. दुसरी ज्याच्या डोळ्यांपुढे पडते, त्याला ते वाचता येत नाही. आणि त्याने जे पाहिले ते लिहून घेण्यास कोणी जात नाही. महिन्यातून एकदा, एखाद्या शाळेच्या वर्गात, पाळीच्या सोयीने वीस माणसे जमवून मराठीतून तुटलेल्या वस्तूंची चर्चा करावयास फार मोठा निधी लागत नाही. निवृत्त अभियंता, तंत्रनिकेतनातील अध्यापक आणि अनुभवी कारागीर एवढे तिघे असले म्हणजे आरंभ होतो. कारखान्याचे नाव न घेता दोषाची चर्चा करण्याची शिस्त पाळली तर मालकांनाही हरकत घेण्याचे कारण उरत नाही.

ब्रह्म प्रकाश बंगळूरहून ट्रॉम्बेला, ट्रॉम्बेहून हैदराबादच्या कामाला आणि तेथून थुंब्याला गेले. प्रत्येक ठिकाणी त्यांनी मागील ठिकाणचे ज्ञान आणि माणसांविषयीची जाण बरोबर नेली. एका थोर माणसाने आयुष्यभर पायपीट करून जे केले, ते सामान्य माणसांनी एकत्र बसून करावे, यासाठीच व्यावसायिक संस्था असतात. थोर माणूस क्वचित जन्मतो आणि त्याचे आयुष्य संपते. संस्था नीट चालविली तर ती शंभर वर्षे चालते. बेटेगावातून पाळीला निघालेल्या कामगाराला जेव्हा अशा संस्थेची एक खुर्ची आपली वाटेल, आणि काल दिसलेल्या भेगेची हकीकत तो तेथे निःसंकोचपणे सांगू शकेल, तेव्हा लाहोरच्या त्या तपासनीसाने आरंभिलेले काम या किनाऱ्यापर्यंत पोचले असे म्हणता येईल.